धक्क्याचे लाकडी खांब: औषध मुरवलेले की प्लास्टिकने गुंडाळलेले?

खाडीत होडी लावायला छोटा लाकडी धक्का बांधणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. खरा शत्रू खारं पाणी नाही, तर लाकूड पोखरणारा टेरेडो. हा शिंपल्यांचा भाऊबंद लहानपणी टाचणीएवढ्या भोकातून आत शिरतो. बाहेरून खांब धडधाकट, आतून चाळण. १९२० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्को उपसागरातले कितीतरी धक्के यानेच पाडले.

संरक्षण: दाबाखाली मुरवलेलं तांबे-क्रोम-आर्सेनिकचं औषध टेरेडोला रोखतं, पण आपल्या किनाऱ्यावरचा मार्टेसिया, म्हणजे लाकूड पोखरणारा दुसरा शिंपला, त्याला फारसा जुमानत नाही. क्रिओसोट (डांबरातून काढलेलं तेल) मुरवावं, तर उबदार पाण्यातला लिम्नोरिया हा बारीक, कवचवाला किडा तसलं लाकूडही कुरतडतो. प्लास्टिकची गुंडाळी सरसकट सगळ्यांना अडवते. शिवाय आतल्या पाण्यातला प्राणवायू संपला की आधी शिरलेले किडेही मरतात.

टिकाऊपणा: औषध लावलेल्या खांबाला नंतर भोक पाडलं किंवा तो कापला, की कोरं लाकूड उघडं पडलंच. सागाच्या गाभ्यात औषध नीट मुरतही नाही. गुंडाळीचा वैरी म्हणजे होडीचं घासणं. एक फाट पुरे. गुंडाळी चिखलाखालून भरतीच्या रेषेवरपर्यंत हवी. अर्धवट गुंडाळी म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

खर्च, मेहनत: औषधाचं काम कारखान्यात उरकतं. गुंडाळीला पाणबुड्या लागतो, वर दरवर्षी तपासणी. ब्रशने डांबर फासणं मी यात धरतच नाही.

नवा धक्का असेल तर औषध मुरवलेले खांब घ्या. मार्टेसियाचा त्रास असेल तिथे त्यांवर गुंडाळीही करा. उभ्या, अजून भक्कम खांबांना गुंडाळीच.