धामणीच्या लाकडाचे धनुष्य: तीन दिवसांची कार्यशाळा आणि त्यानंतरचे आठ महिने

जानेवारीच्या अखेरीस मुळशीच्या बाजूला एका सुतारशाळेत भरलेल्या धनुष्य बनवण्याच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेला मी गेले होते. अभिप्राय लिहायला मुद्दाम आठ महिने थांबले, कारण लाकडी धनुष्य कसे उतरले आहे हे बनवल्या दिवशी समजत नाही; त्यातून काही शे बाण सुटावे लागतात आणि एक पावसाळा जावा लागतो. शुल्क 6,500 रुपये होते. त्यात लाकूड, हत्यारांचा वापर, जेवण आणि दीड महिन्यानंतरची एक फेरतपासणी एवढे सगळे धरलेले होते.

राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांच्या इंडियन राउंड प्रकारामुळे आपल्याकडे बांबूचे धनुष्य पुष्कळांनी पाहिलेले असते, पण येथे लाकूड धामणीचे वापरतात आणि ही निवड मला फार योग्य वाटली. धामण सह्याद्रीत मिळते, लवचीक असते आणि म्हणूनच कावडीच्या व हत्यारांच्या दांड्यांसाठी ती पूर्वापार वापरली गेली आहे. आम्हाला दिलेले 66 इंचांचे तुकडे करवतीने कापलेले नव्हते, तर पाचरी ठोकून लाकडाच्या रेषेच्या दिशेने फोडलेले होते आणि सावलीत नीट वाळवलेले होते. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाण सोडणाऱ्यापासून लांब असलेल्या बाजूला, सगळा ताण खेचला जाण्याचा असतो. तेथे रेषा मध्येच तुटलेली असेल तर तेथूनच चीर निघते. त्यामुळे पाठ पहिल्याच दिवशी साफ करून घेतली आणि त्यानंतर तिला हत्यार लावायचे नाही असे ठरले. पुढचे सारे काम पोटाच्या, म्हणजे बाण सोडणाऱ्याकडच्या बाजूने झाले. वाकसाने तासून, रंधा मारून पहिल्या संध्याकाळपर्यंत मुठीपाशी रुंद आणि टोकांकडे निमुळता होत जाणारा आकार तयार झाला होता. हे काम कष्टाचे असले तरी कोणत्याही बऱ्या सुतारशाळेत शिकता येईल असे आहे.

खरे मोल आहे ते दुसऱ्या दिवसाचे, कारण त्या दिवशी वाक बसवण्यास सुरुवात होते. आधी एक टोक जमिनीवर टेकवून, मुठीवर भार देऊन प्रत्येक भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, किती वाकते ते हातानेच अजमावले. नंतर लांब, सैल दोरी लावून धनुष्य भिंतीवरील लाकडी खुंटीवर आडवे ठेवले आणि कप्पीवरून दोर ओढत, चार पावले मागे उभे राहून त्याचा वाक पाहिला. मागे आखलेल्या उभ्या-आडव्या रेघांमुळे कोणती भुजा कोठे ताठ राहते हे स्पष्ट दिसते. जेथे ताठ आहे तेथे पेन्सिलीने खूण करायची, फुटलेल्या काचेच्या धारेने तेवढेच खरवडायचे, धनुष्य वीस-पंचवीस वेळा हळूहळू ओढून सोडायचे आणि मगच पुन्हा पाहायचे, असा क्रम दिवसभर चालला. खरवडल्याचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही, म्हणून ही ओढाताण आवश्यक असते.

दुपारी माझ्या हातून चूक झाली. वरच्या भुजेच्या मध्यावर मी कानस दोन-चार वेळा अधिक चालवली आणि पुढच्या ओढीला ती जागा बिजागरीसारखी दुमडू लागली. शिकवणाऱ्या काकांनी दोर तत्काळ सैल सोडला, त्या जागेभोवती पेन्सिलीने चौकट काढली आणि एवढेच म्हणाले, "ताई, इथं आता हात लावायचा नाही. बाकीचं सगळं काढत या." अशक्त जागेत लाकूड भरता येत नाही, त्यामुळे उरलेली भुजा, आणि तिच्या जोडीला दुसरीही, त्या जागेच्या पातळीला आणावी लागते. जाडी 10 टक्क्यांनी घटली की ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी घटतो, हे गणित मी कागदावर वाचलेले होते. ते हाताला कसे जाणवते हे त्या दोन तासांत कळले. 35 पौंडांचे, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागेल असे, ठरवलेले धनुष्य 26 इंचांच्या ओढीला 31 पौंडांवर आले. काकांनी माझ्या हातून हत्यार काढून घेऊन स्वतः दुरुस्ती केली असती तर कदाचित दोन पौंड वाचले असते. त्यांनी तसे केले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिसऱ्या दिवशी आखूड दोरी चढवून दोन्ही भुजांची दोरीपासूनची अंतरे मोजली. वरच्या भुजेचे अंतर खालच्यापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अधिक ठेवले, कारण बाण मुठीच्या वरून सुटत असल्याने ओढीचा मध्य धनुष्याच्या बरोबर मध्यावर येत नाही आणि खालच्या भुजेवर थोडा जास्त ताण पडतो. या एका सुतासाठी अर्धी सकाळ गेली. मात्र त्यानंतर सोडलेल्या पहिल्या बाणाला हाताला जो धक्का बसायला हवा होता, तो जवळजवळ बसलाच नाही.

काही उणिवा स्पष्टपणे सांगायला हव्यात. आम्ही आठ जण होतो आणि कप्पी एकच होती. अर्धा-अर्धा तास वाट पाहताना न तपासताच खरवडण्याचा मोह होतो, आणि माझी चूक तशीच झाली. किमान दोन कप्प्या हव्यात किंवा माणसे चारच घ्यावीत. सोबत दिलेली नायलॉनची दोरी ताणली जाऊन सैल पडत होती. मी आठवड्याभरात डेक्रॉन या कमी ताणल्या जाणाऱ्या धाग्याची दोरी करून घेतली. जवसाच्या तेलाचा एकच हात दिला होता, तो आपल्या पावसाळ्याला पुरत नाही. जुलैत हवेतील ओल शोषून धनुष्य 27 पौंडांवर उतरले आणि दोरी उतरवल्यावरही भुजांत राहणारा वाक, जो मार्चमध्ये एक इंच होता, दीड इंचापर्यंत गेला. आता मी लाखेचे चार हात दिले आहेत, दोरी काढून ते आडवे ठेवते आणि ओढीचा जोर पुन्हा 29 पौंडांपर्यंत आला आहे.

फेरतपासणी मात्र या कार्यशाळेचा सर्वांत चांगला भाग आहे आणि ती टाळू नये. सुमारे 300 बाणांनंतर मी गेले, तेव्हा काकांनी पोटावर तिरपा उजेड पाडून दाबाने पडणाऱ्या बारीक आडव्या सुरकुत्या शोधल्या. त्या नव्हत्या. खालच्या भुजेच्या टोकाकडे त्यांनी काचेचे सहा-सात हात फिरवले आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. माझ्या बारा वर्षांच्या भाच्यासाठी 18 पौंडांचे धनुष्य करायला येत्या डिसेंबरात मी पुन्हा जाणार आहे. त्यासाठीचा तुकडा त्यांनी नाव घालून बाजूला ठेवला आहे.