सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दुर्बीण घरी येऊन आठ महिने झाले. पहिल्या आठवड्यातच लिहायला हात शिवशिवत होते, पण मुद्दाम थांबले. नव्याची नवलाई ओसरल्यावर वस्तू कोपऱ्यात जाते की वापरात राहते, ते बघायचं होतं. मध्ये वर्षअखेरीची लांब सुट्टी येऊन गेली. दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, सासूबाई असं घर भरलेलं होतं आणि दुर्बीण जवळजवळ रोज रात्री गच्चीवर जात होती. तिचा खरा कस तेव्हा लागला.

आधी ती का घेतली ते सांगते. मी शाळेत असल्यापासून विज्ञानकथा वाचते. माझ्याकडे एक जुनी वही आहे. कथेत एखाद्या ताऱ्याचं किंवा चंद्राचं नाव आलं की मी ते त्या वहीत लिहून ठेवते आणि पुढे त्याचं अंतर. टाउ सेटी, ११.९ प्रकाशवर्षं (उजेड एका वर्षात जितका जातो ते एक प्रकाशवर्ष). एप्सिलॉन एरिडानी, साडेदहा. युरोपा, टायटन, गॅनिमीड. सुट्टी लागली की माझा हाच कार्यक्रम असायचा: पुस्तक, वही आणि खिडकीजवळची खुर्ची. घरचे मला तिथे एकटीला सोडून द्यायचे. त्यांना वाटायचं, हिला तेच आवडतं. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी मुलाने ती वही चाळली आणि विचारलं, "आई, ही नावं खरी आहेत?" मी म्हटलं, हो, सगळी खरी. तो म्हणाला, "मग दाखव ना." मी त्याला गच्चीवर घेऊन गेले, आणि इतकी वर्षं वाचूनही मला त्यातलं एकही ठिकाण बोटाने दाखवता आलं नाही. ती गोष्ट मनाला लागली. पुढच्या महिन्यात ही दुर्बीण आली.

आता वस्तूबद्दल. आरसा १५० मिलिमीटरचा, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे जुळून येते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) मिळतात. १२०० ला त्या आकड्यांनी भागलं की ४८ पट आणि १२० पट. नवीन माणूस आधी "किती पट?" हेच विचारतो, मीही विचारलं होतं. पण महत्त्वाचा असतो आरशाचा व्यास, कारण प्रकाश तो गोळा करतो. एवढ्या आरशाला ३०० पटीच्या पुढे नेण्यात अर्थ नाही, आणि तिथपर्यंतही हवा अगदी स्थिर असेल तेव्हाच जाता येतं. तिपाई नाही. नळी एका लाकडी बैठकीत बसते आणि हाताने ढकलून वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायची. ही रचना जॉन डॉब्सन यांच्यामुळे रूढ झाली. ते वेदान्त मठात संन्यासी होते, टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवायचे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचे. दहा जणांनी आळीपाळीने बघावं यासाठीच हिचा जन्म झालाय, हे मला सुट्टीत पटलं.

तक्रारी आहेत. बैठक सुट्या फळ्यांच्या रूपात येते आणि ती जोडायला आम्हाला दोन तास लागले. फळ्या भुशाच्या आहेत, त्यांना ओल सोसत नाही. एका रात्री दव पडलं, बैठक तशीच बाहेर राहिली आणि खालची एक कड फुगली. तेव्हापासून खाली जाड रबरी चटई टाकते. सुरुवातीला दुर्बीण आडवी फिरताना अडकायची आणि मग एकदम झटका देऊन पुढे जायची, त्यामुळे गुरू हाती लागून निसटायचा. मधला नट पाव फेरा सैल केल्यावर ती लोण्यासारखी फिरू लागली. माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही.

त्याहून मोठी अडचण आरशाची. प्रवासात आरसे हलले होते आणि पहिले तीन आठवडे मला गुरू पुसट, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा दिसत होता. विकणाऱ्याला विचारलं तर "वस्तू अशीच असते" असं उत्तर मिळालं. वस्तू अशी नसते. आरसे एका रेषेत आणायला कोलिमेशन म्हणतात, मागच्या तीन स्क्रूंनी ते करता येतं. ठळक तारा थोडा फोकसबाहेर नेला की वर्तुळात वर्तुळं दिसतात, ती एककेंद्री हवीत. आता हे काम मुलगा पाच मिनिटांत करतो. मी आयपीसला डोळा लावून "थोडं डावीकडे... बास" म्हणायचं, त्याने मागे बसून स्क्रू फिरवायचा. आमच्या दोघांच्या आवडत्या वेळांपैकी ही एक झाली आहे.

फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाउजेडी मुख्य नळीशी जुळवून घ्या, लांबच्या एखाद्या टॉवरच्या टोकावर. पण सूर्य त्या बाजूला नको, आणि काम झालं की दोन्ही झाकणं लगेच लावा. खास सौर फिल्टरशिवाय सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही, फाइंडरही नाही. क्षणभर बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. घरात लहान मुलं असतील तर हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि दुर्बीण दिवसा त्यांच्या हाताशी ठेवू नका.

अजून एक सवय लावून घ्यावी लागते. घरातून काढल्या काढल्या चित्र उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा तास द्यायचा. सुट्टीत आम्ही जेवायला बसण्याआधी ती बाहेर ठेवून यायचो.

काय दिसतं याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण अपेक्षाभंग इथेच होतो. खोक्यावरचे रंगीत तेजोमेघ विसरा. ती तासन् तास प्रकाश साठवून काढलेली छायाचित्रं असतात. देवयानी दीर्घिका राखाडी, लांबट धुक्यासारखी दिसते. नवऱ्याने ती बघितली आणि "एवढंच?" म्हणाला. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे मी त्याला सांगितलं. मग तो पुन्हा वाकला आणि बराच वेळ उठला नाही. मृगातला तेजोमेघ मात्र कुणालाही सांगून आवडून घ्यावा लागत नाही. पंख पसरल्यासारखा धूसर उजेड आणि त्याच्या पोटात चार टिकल्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. ते नव्याने जन्मलेले तारे आहेत. चंद्र तर थक्क करतो. प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या सावल्या इतक्या धारदार पडतात की हात लावावासा वाटतो. चित्र उलटं दिसतं, पण आकाशात त्याने काही बिघडत नाही.

माझ्यासाठी या आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी रात्र टायटनची, शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राची होती. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली. असं सुमारे १५ वर्षांनी एकदा होतं. त्यामुळे डिसेंबरमध्येही कडी अगदी बारीक दिसत होती, मोत्यातून सुई आरपार गेल्यासारखी. रुंद कडी बघायची म्हणून आलेली जाऊबाईंची मुलं हिरमुसली. मी मात्र शनीच्या बाजूच्या एका फिकट ठिपक्याकडे बघत होते. त्या रात्री टायटन नेमका कुठे असेल ते आधी तपासून ठेवलं होतं, आणि तो तिथेच होता. त्या ठिपक्यावर मिथेनचे तलाव आहेत. तिथे १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान उतरलं आणि ते आजही तिथेच पडून आहे. वाचताना मी त्या किनाऱ्यांवर कितीदा जाऊन आले असेन. आता तिथून सुमारे ऐंशी मिनिटांपूर्वी निघालेला उजेड माझ्या डोळ्यात येत होता. डोळे भरून आले आणि चित्र धूसर झालं. जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त खांद्यावर हात ठेवला.

मुलांचं म्हणाल तर त्यांना गुरूने जिंकलं. १२० पटीला पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह दीड-पावणेदोन मिनिटांत दृश्यातून बाहेर जातो. गर्दीत हे फार जाचतं: एकाने बघेपर्यंत दुसऱ्याच्या वाट्याला काळोख. दोन रात्री भांडणं झाली. मग २५ चा आयपीस लावला, त्यात चार मिनिटं मिळतात, आणि प्रत्येकाला नळी हलकेच ढकलून ग्रह परत मध्ये आणायला शिकवलं. तिसऱ्या रात्रीपासून धाकटी पुतणी सगळ्यांना तो "लावून" देऊ लागली. मुलांनी रोज रात्री गुरूचे चंद्र ज्या जागी दिसले त्या जागी माझ्या वहीत काढले. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच केलं होतं आणि त्यातूनच हे चंद्र गुरूभोवती फिरतात हे त्याच्या लक्षात आलं. पाचव्या दिवशी पुतण्या ओरडला, "काकू, हा आतला फार पळतो!" तो आयो. त्याची एक फेरी साडेबेचाळीस तासांची. पुतण्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने ते शोधून काढलं होतं.

माझ्या त्या जुन्या वहीतूनच सुट्टीतला सगळ्यात लाडका खेळ निघाला. मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याने वहीत टाउ सेटीचं अंतर वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे आत्ता दिसतोय तो उजेड मी जन्मलो तेव्हाचा?" हो, साधारण तेव्हाचाच. मग प्रत्येकाला आपापल्या वयाचा तारा हवा झाला. माझं वय ४३, मला ब्रह्महृदय मिळाला. घरी आलेल्या मामांना पासष्टीची रोहिणी मिळाली. सासूबाई लांब खुर्चीवर शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "एकोणऐंशीचा आहे का रे कुणी?"

होता. मघा, सुमारे ७९ प्रकाशवर्षं. पण तो उशिरा उगवतो. मुलगा म्हणाला, "आजी, अकरा वाजेपर्यंत जागशील?" एरवी त्या नऊला झोपतात. त्या जागल्या. वाट बघता बघता त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजत नक्षत्रं म्हणायला सुरुवात केली: अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी... त्यांना सत्तावीसही पाठ आहेत, लहानपणापासून. पण आकाशात कधी कुणी दाखवली नव्हती. मुलाने मोबाइलवर नकाशा उघडला आणि त्या एकेक नाव घेतील तसा पश्चिमेकडून पूर्वेकडे बोट सरकवत गेला. मृग डोक्यावर आला, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, आणि दहावं नाव घेतलं तेव्हा त्याचं बोट पूर्वेला, समोरच्या झाडांच्या थोडं वर थांबलं. "मघा," त्या म्हणाल्या. तारा खाली असल्यामुळे नळी आडवी झाली आणि आयपीस खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला आला. त्यांनी चष्मा काढला. मी फोकस फिरवत होते, त्यांनी "थांब" म्हटलं आणि त्या बघत राहिल्या. मग वर न बघताच म्हणाल्या, "माझी आई बाळंतीण होती गं तेव्हा."

मला पाठ असलेली नावं आणि त्यांना पाठ असलेली नावं एकाच आकाशाची आहेत, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या रात्री कळलं.

आता घ्यावी की नाही ते सांगते. छायाचित्रं काढायची असतील तर ही घेऊ नका. चंद्राचा फोटो मोबाइलने छान येतो, त्यापुढे ही बैठक साथ देत नाही. जिना चढून न्यायची असेल तर आधी विचार करा. नळी आणि बैठक मिळून पंधरा-सोळा किलोंचा ऐवज आहे, मी दोन खेपांत नेते. गच्ची किंवा अंगण जवळ असेल आणि घरात दोनपेक्षा जास्त माणसं बघणारी असतील तर डोळे झाकून घ्या. मी नंतर ६ मिलिमीटरचा एक चांगला आयपीस घेतला, २०० पटीला गुरूचे पट्टे फार सुंदर दिसतात. त्याहून उपयोगी खरेदी म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारं स्टूल. तारा डोक्यावर आला की आयपीस उंच जातो आणि म्हाताऱ्या माणसांना ताटकळत उभं राहावं लागतं. ते आधीच घ्यायला हवं होतं.

खिडकीजवळच्या खुर्चीवर माझं वाचन अजून चालतं. फक्त आता मुलगा मध्येच येऊन पुस्तकावर वाकतो आणि विचारतो, "आज कुठे आहात?" मी नाव सांगितलं की तो नकाशात बघून ते आज दिसेल का ते सांगतो.

सासूबाईंना गेल्या महिन्यात ऐंशी पूर्ण झाली. मुलाने आधीच शोधून ठेवलं होतं. सप्तर्षींमधले मधले पाचही तारे एकत्र प्रवास करणाऱ्या एकाच समूहातले आहेत आणि सगळे सुमारे ८० ते ८३ प्रकाशवर्षांच्या टप्प्यात आहेत. तो म्हणाला, "आजी, चार वर्षांची सोय झाली." हल्ली संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला वर आलेले असतात. काल त्यांना त्यांतला वसिष्ठ दाखवला. नुसत्या डोळ्यांना शेजारी अरुंधती दिसते, पण ४८ पटीला वसिष्ठ स्वतःच दोन तारे होऊन समोर येतो. त्या स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," आणि मुलाला म्हणाल्या, आता अत्री लाव.