घंटागाडीचे आठ महिने: वेळ पाळली की बरंच काही जमतं

कोपऱ्यावरची कचराकुंडी उचलून आमच्या गल्लीत दारोदार घंटागाडी सुरू झाली, त्याला आठ महिने झाले. सुरुवातीला मी गाडी नवी आहे का, झाकणाची आहे का, हेच बघायचे. आता फक्त घड्याळ बघते.

गाडी सव्वासातला येते, पाच-दहा मिनिटं मागेपुढे. त्यामुळे बादली सातला बाहेर येते, रात्रभर कुत्र्यांच्या तावडीत राहत नाही, आणि कर्मचाऱ्याला दारोदार ताटकळावं लागत नाही. पूर्वी वेळेचा भरवसा नसायचा. गाडी चुकली की लोक अंधारात कोपऱ्यावर पिशवी टाकून यायचे, ती उचलायला मग वेगळी फेरी.

चौथ्या महिन्यात गाडी बिघडली, बदली गाडी आलीच नाही. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर बादलीच्या कडेने अळ्या चढत होत्या. उष्ण हवेत माशीची अंडी दिवसभरात फुटतात आणि साधारण 7 ते 10 दिवसांत नवी माशी तयार होते. म्हणजे ओला कचरा आठवडाभर ठेवून चालतच नाही. सुका थांबू शकतो. आमच्याकडे तो आता आठवड्यातून दोनदाच नेतात आणि मला ते पूर्ण पटलंय, रिकाम्या बाटल्या रोज कशाला फिरवायच्या?

खरी चीड आली ती वर्गीकरणावरून. आम्ही ओला-सुका वेगळा द्यायचो आणि डोळ्यांदेखत दोन्ही एकाच हौद्यात पडायचं. पंधरा दिवसांत निम्म्या गल्लीने वेगळं करणं सोडलं. तक्रारींनंतर हौद्यात मधोमध पत्रा बसवला, तेव्हा लोक हळूहळू परत वळले. खरकट्यात भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही, कोरडा असला तर विकला जातो. जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या मात्र मी हातात वेगळ्या देते, कारण लिथियमची बॅटरी कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या मोठ्या गाडीत, चेपली तर पेट घेऊ शकते.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. आमची छोटी गाडी कचरा डेपोपर्यंत जातच नाही, जवळच मोठ्या कॉम्पॅक्टरमध्ये रिकामी होऊन पुढच्या गल्लीत जाते. ती स्वतः डेपोला जाऊ लागली तर अर्धी सकाळ रस्त्यातच जाईल.

नेहमीचा कर्मचारी रजेवर गेला की अजूनही मागची चार घरं राहतात. मार्गाची यादी त्याच्या डोक्यात आहे, ती कागदावर यायला हवी. तेवढी मागणी मी लेखी दिली आहे.