मॅप सेन्सरवर संशय आहे: स्कॅनर घ्यावा की मल्टिमीटर?

चेक लाइट पेटलाय, पिकअप पडलाय, आयडलला इंजिन वरखाली होतंय आणि कोड निघालाय पी०१०७, म्हणजे संशय मॅप सेन्सरवर (इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर). अशा वेळी हाताशी काय असावं? ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि रीडिंग दाखवणारा) आणि साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन्ही फारसे महाग नाहीत.

स्कॅनर सोयीचा, यात वाद नाही. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून त्यावर मॅप सेन्सरचा दाब बघायचा. तो बाहेरच्या हवेइतका यायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन गरम झाल्यावर आयडलला साधारण ३० ते ४०. टर्बो डिझेलला आयडलची ही कसोटी लागू नाही; तिथे दाब बाहेरच्या हवेच्या जवळपासच राहतो.

पण कोड सेन्सरचा नसतो, सर्किटचा असतो, आणि माझा कल इथेच बदलतो. पी०१०७ एवढंच सांगतो की सिग्नलचा व्होल्टेज कमी आहे. सेन्सर गेला, ५ व्होल्टची वायर तुटली की सिग्नल वायर कुठे घासून बॉडीला टेकली, हे स्कॅनर सांगत नाही. मग ‘सेन्सर बदलून बघू’ सुरू होतं, नवा सेन्सर बसतो आणि लाइट तसाच राहतो.

मीटरने हा गुंता लवकर सुटतो. सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढा, चावी ऑन करा आणि ५ व्होल्टची पिन व अर्थची पिन यांत मोजा: ४.९ ते ५.१ यायला हवेत. कमी आले तर लगेच वायरिंग उसवू नका. हीच लाइन बऱ्याच गाड्यांत इतर सेन्सरनाही जाते आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळेच खाली ओढले जातात. एकेकाचा कपलर काढत जा; ज्याच्या वेळी ५ परत येतील, तो चोर. ५ व्होल्ट ठीक असतील तर कपलर लावून अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत मोजा, ०.१ व्होल्टच्या आत हवा. मग सिग्नल: टर्बो नसलेल्या पेट्रोलला चावी ऑनवर चारच्या वर, आयडलला १ ते १.५. वायरचं आवरण टोचू नका, कपलरच्या मागून बारीक पिन सरकवा. टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं.

मीटरचा त्रासही आहे. काही गाड्यांत सेन्सर मॅनिफोल्डमागे असा दडलेला असतो की हातच पोचत नाही, आणि वायरिंग डायग्रामशिवाय कुठली वायर कुठली ते कळत नाही. रस्त्यावर मध्येच येणारा दोष पकडायला तर स्कॅनरचा ग्राफच बरा.

तरी एकच घ्यायचं असेल तर मी मीटरकडे झुकेन. कोड काय, कुठलाही गॅरेजवाला काढून देतो. फक्त टेस्ट लॅम्पने भागवू नका. बल्बचा लॅम्प या ५ व्होल्टच्या लाइनवर नको तेवढा करंट ओढतो आणि ईसीयूलाच (इंजिनच्या कॉम्प्युटरला) धोका होतो.