पेडल स्टील गिटारच्या पार्टना लेबलं लावली त्याला आता आठ-नऊ महिने झाले, काय टिकलं आणि काय गळून पडलं

ज्यांनी ही गिटार जवळून बघितलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. पेडल स्टील गळ्यात अडकवायची नसते, टेबलासारखी चार पायांवर उभी करायची आणि पुढे बसून वाजवायची. दहा तारा, खाली पायाने दाबायचे पेडल, दोन्ही गुडघ्यांनी ढकलायच्या लिव्हर. आणि कुठे न्यायची म्हटलं की पाय काढा, पेडल बार काढा, रॉड काढा, सगळं सुटं करून केसमध्ये भरा आणि तिकडे गेल्यावर परत जोडा. मी डॅलसला राहते, इथल्या एका छोट्या कंट्री बँडमध्ये वाजवते आणि अधूनमधून मंडळाच्या कार्यक्रमातही, त्यामुळे हे जोडकाम सतत चालूच असतं.

आता लेबल कशाला लागतात, तर मुख्य भानगड पेडल रॉडची आहे. पेडलपासून वर गिटारच्या पोटातल्या शाफ्टपर्यंत जाणारे हे बारीक उभे रॉड दिसायला सगळे सारखे, पण प्रत्येकाची लांबी आट्यावर फिरवून त्या त्या पेडलसाठी सेट केलेली असते. अदलाबदल झाली की एक पेडल वर राहतो, एक खाली लोंबतो, एखादा शेवटपर्यंत जातच नाही म्हणजे स्वर अर्धवट चढतो, आणि हे सगळं कळतं कधी तर गिटार उभी करून खुर्ची ओढून बसल्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडताना गिटार उलटी असते. केस जमिनीवर उघडायची, गिटार त्यात पालथीच पडलेली असते, तशीच ठेवून पाय बसवायचे, पुढच्या दोन पायांना पेडल बार अडकवायचा, रॉड लावायचे आणि मग अख्खं धूड उचलून सरळ करायचं. म्हणजे वाजवताना जे डावीकडे ते जोडताना उजवीकडे. म्हणून डावा-उजवा असं लेबल बिलकुल लावू नका!! मी सगळीकडे कीहेड आणि चेंजर अशी दोनच टोकं धरली, जिथे खुंट्या आहेत ते कीहेड आणि जिथे तारा ओढून स्वर बदलणारं यंत्र आहे ते चेंजर, मग गिटार पालथी असो की सरळ, ती टोकं बदलत नाहीत. पेडलचंही तसंच, एक-दोन-तीन नंबर नकोत, ए बी सी अशी अक्षरंच घाला, कारण पेडल स्टीलच्या दोन नावाजलेल्या वादकांपैकी बडी एमन्सच्या सेटअपमध्ये डावीकडून ए बी सी येतात आणि जिमी डेच्या सेटअपमध्ये बरोबर उलटे, सी बी ए. मदतीला येणारा माणूस दुसऱ्या सेटअपचा असेल तर त्याचा एक नंबर तुमचा तीन असतो. अक्षर मात्र दोघांचं एकच, ए पेडल म्हणजे बी हा स्वर चढवून सी शार्प करणारा.

सामानाचं सांगते. मास्किंग टेप महिनाभरही टिकत नाही, कोपरे उचलतात. इलेक्ट्रिकल टेप रंगीत मिळते म्हणून हौसेने गुंडाळली होती, पण टेक्ससच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तिचा गोंद पाघळतो आणि रॉड, बोटं, केसचं मखमली अस्तर सगळं चिकट. परमनंट मार्कर गुळगुळीत क्रोमवर नावालाच परमनंट, घामाच्या हाताने पुसला जातो. लेबल मेकरची लॅमिनेटेड टेप सपाट जागेवर उत्तम, एंडप्लेटवर (गिटारच्या टोकाच्या पट्टीवर) आणि बॉडीच्या आतल्या बाजूला लावलेली अजून जशीच्या तशी आहे, पण बारीक रॉडभोवती गुंडाळली की दोन दिवसांत उलगडायला लागते.

रॉडला खरं काम दिलं ते हीटश्रिंकने, इलेक्ट्रिशियन वायरच्या जोडावर चढवतात ती आवळणारी नळी. रंगीत नळ्यांचा मिक्स डबा स्वस्तात मिळतो. फक्त साइज बघून घ्या, टू-टू-वन लिहिलेली नळी तापवल्यावर निम्म्या व्यासाची होते, आणि रॉडच्या टोकाला हूक असेल तर नळी आधी हुकावरून जायला हवी आणि नंतर बारीक रॉडवर घट्टही बसायला हवी, तेव्हा हूक रुंद असेल तर थ्री-टू-वनवालीच घ्या. साध्या हेअर ड्रायरने माझी नळी नीट आवळली नाही, हीट गन लागली. रॉड काढून बाहेर नेऊन तापवा, गिटारला लावलेला असताना नको. रंग आणि अक्षर दोन्ही हवं असेल तर लेबल मेकरची चिठ्ठी रॉडवर ठेवून वरून पारदर्शक नळी चढवायची, मग तिला उलगडायला जागाच राहत नाही. इतक्या महिन्यांत यातलं एकही सुटलेलं नाही.

पण नुसत्या रंगावर विसंबू नका हे मात्र वापरूनच कळलं. स्टेजवर लाल लाइट असेल तर लाल आणि पांढरं एकसारखंच दिसतं आणि निळं काळं पडतं. शिवाय आमच्या ड्रमरला लाल-हिरवा फरक कळत नाही आणि नेमका तोच मदतीला पुढे असतो. म्हणून आता रंग आहेतच, पण ए ला एक कडं, बी ला दोन, सी ला तीन अशी नळीची कडी चढवलीत, रॉडच्या दोन्ही टोकांना, आणि पेडलच्या खालच्या बाजूला तेवढेच ठिपके. अंधारात बोट फिरवलं तरी कळतं. रंग नसते तरी चाललं असतं असं आता वाटतं, पण दिसायला छान दिसतात म्हणून ठेवलेत.

सगळ्यात जास्त फायदा खरं तर जोडणीत झालाच नाही, ट्यूनिंगमध्ये झाला. चेंजरच्या टोकाला एंडप्लेटमध्ये छोटे षटकोनी नायलॉनचे नट असतात, पेडल दाबून तो चढलेला स्वर तिथे किल्लीने जुळवायचा. ई नाइन या माझ्या गिटारच्या ट्यूनिंगमध्ये पाचवी तार बी स्वराची, तिला ए पेडलही सी शार्पवर नेतो आणि सी पेडलही, म्हणजे एकाच स्वराचे दोन वेगळे नट. चौथ्या तारेची आणखी गंमत, सी पेडलने ई चा एफ शार्प, एका गुडघ्याने एफ आणि दुसऱ्याने ई फ्लॅट, असे तीन. खुणा नसतील तर माणूस भलताच नट फिरवत बसतो, स्वर हलत नाही म्हणून आणखी फिरवतो, आणि मग दुसराच स्वर बिघडलेला असतो. इथे माझी नेलपॉलिश कामाला आली, प्रत्येक नटाच्या तोंडावर पेडलच्या रंगाचा ठिपका. किल्ली घासून ठिपके थोडे उडतात, मधून मधून परत लावावे लागतात, पण पाच मिनिटांचं काम. पातळ थर द्या, नटाच्या खाचेत गेली तर किल्ली अडकते.

त्याच एंडप्लेटशेजारी मी एक छोटी पट्टी चिकटवलीय, कुठला स्वर किती सेंट (लगतच्या दोन स्वरांमधल्या, म्हणजे कोमल-शुद्ध इतक्या अंतराचा शंभरावा भाग) उतरवायचा त्याची. हे आपल्या कानाच्या लोकांना लगेच पटेल. जी शार्प ट्यूनरच्या काट्यावर बरोबर मध्ये ठेवला तर ई मेजरमधला तो गंधार टोचतो, १४ सेंटच्या आसपास खाली आणला की कॉर्ड शांत बसतो. ए आणि बी पेडल दोन्ही दाबले की ए मेजर होतो, त्यात सी शार्प हा गंधार, त्यामुळे ए पेडलचा नटही तसाच उतरवायचा. हे आकडे आधी डोक्यात होते, पण कार्यक्रमाआधीच्या गोंधळात डोकं जागेवर नसतं.

पायांचं थोडक्यात. पिशवीत पाय एकमेकांवर घासतात, साधे स्टिकर खरवडून जातात, तिथेही लेबलवर पारदर्शक नळीच, फक्त मोठ्या व्यासाची. माझ्या गिटारचे पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा वेगळे आणि एकाची उंची कमीजास्त होते, म्हणून चारही पायांना जागा ठरवून दिली. पेडल बारच्या खालच्या बाजूला कीहेडकडे दाखवणारा एक बाण. गुडघ्याच्या लिव्हर माझ्याकडे दुमडतात, निघत नाहीत, त्यांना काही लावलं नाही.

मंडळाच्या गणपतीत नाट्यगीत संपून पुढचा आयटम लागेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात हे सगळं उभं करायचं असतं. तिथे हमखास कोणीतरी काका येतात, "अगं ही तर आपली हवाईयन गिटार, व्हॅन शिपले वाजवायचा ती," आणि हजारा सिंगच्या रेकॉर्डची आठवण काढतात. चुकीचं नाही, वरून स्टीलचा बार सरकवायचा तो तसाच, पण त्या गिटारला हे पेडलचं लफडं नव्हतं. यावर्षी काकांच्या हातात रॉड दिले आणि म्हटलं कडी मोजून ठिपक्यांना लावा, मी पाय बसवते. त्यांनी बरोबर लावले. पूर्वी एकटीला वीस-पंचवीस मिनिटं जायची, आता कोणी मदतीला असेल तर दहाच्या आत होतं.

नव्याने करणार असाल तर गिटार व्यवस्थित सेट असताना प्रत्येक रॉडची लांबी एका हुकापासून दुसऱ्या हुकापर्यंत मोजून कागदावर लिहा आणि तो कागद केसच्या झाकणात आतून चिकटवा, शिवाय गिटारच्या पोटाचा एक फोटो फोनमध्ये ठेवा. रॉडवरचा लॉकनट प्रवासात सैल होतो, लांबी हळूच बदलते, आणि अशावेळी लेबल काहीच सांगत नाही, तो आकडाच लागतो. सेकंडहँड गिटार घेतलीत तर विकणाऱ्याने सुटी करण्याआधीच हे मोजून घ्या.