ट्रान्समिशन स्कॅनरच्या नावाखाली माझे ८,८५९ रुपये गेले

माझी जुनी एएमटी (क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी) हॅचबॅक एप्रिलपासून दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना झटका द्यायची, सिग्नलला मध्येच न्यूट्रलला पडायची. चेक इंजिनचा दिवा लागलेला. एका गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावता "गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ४५ हजार धरा" असं सांगितलं, दुसऱ्याने क्लचवर बोट ठेवलं. गाडीतल्या सगळ्या कंट्रोलरचे दोष-कोड वाचणारे नावाजलेले फुल सिस्टिम स्कॅनर माझ्या बजेटबाहेरचे. अशा वेळी स्वतःचा स्वस्तातला स्कॅनर शोधला, यात माझं काय चुकलं?

मोबाइलवर जाहिरात दिसली: "ऑल कार, ऑल सिस्टिम, गिअरबॉक्ससुद्धा." किंमत ६,४९९. मी आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत. एएमटीचा टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोलर, वाचतो का, असं मेसेज करून स्पष्ट विचारलं. उत्तर आलं, "यस सर, १००%." गाडी कोणती, कुठल्या सालची, हे त्यांनी विचारलंच नाही. ५०० रुपये ॲडव्हान्स यूपीआयने दिले, तेव्हा स्क्रीनवर दुकानाऐवजी कुणा भलत्याचंच नाव होतं. उरलेले ५,९९९ कुरिअरवाल्याला रोख. पैसे हातात पडल्याशिवाय बॉक्स उघडू देत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

आत निघाला निळा, प्लास्टिकचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ईएलएम३२७, म्हणजे गाडीला जोडून मोबाइलवर दोष-कोड दाखवणारा साधा अडॅप्टर. बाजारात पाच-सहाशेला मिळतो तोच. त्यावर 'व्ही १.५' छापलेलं. मूळ कॅनडातल्या कंपनीने या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, हे मला नंतर कळलं. बॉक्सवर आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. तिथेच परत करायला हवा होता.

जोडल्यावर पी०७०० हा दोष-कोड आला. विक्रेता म्हणाला, पुढचं वाचायला 'ट्रान्समिशन लायसन्स' घ्यावं लागेल, २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. एवढे गेलेच आहेत तर हेही, असं म्हणून भरले. जीएसटीचं बिल आजपर्यंत आलेलं नाही.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. 'लायसन्स' टाकल्यावर ॲपने अर्ध्या सेकंदात हिरव्या अक्षरांत दाखवलं: "ट्रान्समिशन: नो फॉल्ट." पी०७०० चा अर्थच हा की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने आपल्याकडे दोष नोंदवलाय आणि इंजिनाला दिवा लावायला सांगितलंय. खरा दोष त्या टीसीएमच्या आत वेगळ्या कोडमध्ये असतो. हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं! एक कोड म्हणतो दोष आहे, दुसरी स्क्रीन म्हणते नाही. हे दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं, आणि तरीही मी हिरव्या अक्षरांवर विश्वास ठेवला, कारण मला तेच ऐकायचं होतं. त्या स्कॅनरला टीसीएमने उत्तरच दिलेलं नव्हतं. ॲप त्यालाच 'दोष नाही' म्हणत होतं.

त्याच भरवशावर सहकुटुंब साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटात गाडी न्यूट्रलला पडली ती पडलीच. मागे ट्रकची रांग, मुलं रडायला लागलेली. टोइंगचे ३,५०० वेगळे. साताऱ्याच्या गॅरेजने खऱ्या स्कॅनरने ७०० रुपयांत सांगितलं: ॲक्च्युएटरचं (क्लच-गिअर हलवणाऱ्या भागाचं) तेल गळतंय, प्रेशर धरत नाही. गिअरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती.

मग तक्रारीचे हेलपाटे. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार वैध. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त डबा पोचवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर "प्रायव्हसी". चौकीत दोन वेळा बसवून ठेवलं. तिसऱ्या वेळी साहेबांनी विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." स्क्रीनशॉट दाखवले, तर प्रिंट काढून आणा. प्रिंट नेल्या, तर साहेब बंदोबस्तावर. पैसे घेणाऱ्याचं नाव यूपीआयवर स्पष्ट लिहिलेलं असताना ते शोधायला कुणाला पाच मिनिटं नाहीत, आणि मी मात्र तीन अर्ध्या रजा टाकल्या!

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी आठ दिवस विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर घालवले. बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा. ईएलएम३२७ वाईट नाही, इंजिनाचे कोड वाचायला पुरतो. पण गिअरबॉक्ससाठी घेताना तुमच्या मॉडेलचा, तुमच्या सालचा टीसीएम कव्हरेज यादीत लिहिलेला दिसल्याशिवाय रुपयाही देऊ नका. क्लच लर्निंग (कंट्रोलरला क्लचची जागा नव्याने शिकवणं) करता येतं का, तेही लेखी घ्या. खऱ्या कंपनीचं अपडेट सीरियल नंबर नोंदवून त्यांच्याच ॲपमधून होतं, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मी अर्ज तयार केलाय, अडलंय ते विरुद्ध पक्षाच्या पत्त्यावर.

परवा तोच व्हिडिओ, तोच हात, तीच निळी डबी, वेगळ्या नावाने पुन्हा दिसली. किंमत ४,९९९. खाली मी माझा अनुभव लिहिला. दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं.