प्रबंधासाठी इजिप्त घ्यावा की अमिराती?

संरक्षणशास्त्रात एम.ए. करणारी मुलं नेहमी विचारतात, ‘अरब देशाच्या सैन्याचं आधुनिकीकरण हा विषय तर ठरलाय, पण देश कोणता घेऊ?’ बहुतेकांची गाडी शेवटी इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती या दोन नावांवर येऊन अडते. दोघांकडे अमेरिकी एफ-१६ लढाऊ विमानं आहेत, दोघांनी फ्रान्सची राफेलही मागवली. साम्य जवळपास इथेच संपतं.

इजिप्तचा अभ्यास ६ ऑक्टोबर १९७३ पासून सुरू करा. सुएझ कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायलने वाळूचा उंच बांध घातला होता. त्या दुपारी इजिप्तच्या अभियंता पथकांनी होड्यांतून पंप पलीकडे नेले, कालव्याचंच पाणी ओढलं आणि जोरदार फवाऱ्याने वाळू खाली आणली. काही तासांत खिंडारं पडली आणि तिथून रणगाडे पार झाले. शस्त्रं बहुतेक सगळी सोव्हिएत, योजना एक, आणि तिचा सराव महिनोन् महिने घटवलेला.

पुढे इस्रायलशी झालेल्या १९७९ च्या शांतता करारानंतर बाजू पालटली. अमेरिकेकडून वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत, दोनशेच्या वर एफ-१६, कैरोजवळच्या कारखान्यात जोडलेले हजाराहून जास्त अब्राम्स रणगाडे. मग २०१३ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सींची सत्ता उलथवली आणि अमेरिकेने एफ-१६ व अपाचे हेलिकॉप्टरांचा पुरवठा रोखून धरला. इजिप्तला हे झोंबलं. २०१५ मध्ये २४ राफेल घेऊन तो त्या विमानाचा पहिला परदेशी ग्राहक झाला, २०२१ मध्ये आणखी ३० मागवली. रशियाकडून मिग-२९ आली, जर्मनीकडून चार पाणबुड्या आल्या, आणि फ्रान्सने मुळात रशियासाठी बांधलेली दोन मिस्त्राल हेलिकॉप्टरवाहू जहाजंही आली.

एकाच्याच मुठीत राहायचं नाही हा निर्णय मला योग्य वाटतो. पण त्याची किंमत हँगरमध्ये मोजावी लागते. एफ-१६ च्या पाठीवर हवेतच इंधन घेण्यासाठी खाच असते, टँकर विमानाची दांडी वरून येऊन तिथे बसते. राफेलच्या नाकाजवळ स्वतःची नळी असते, ती टँकरमागे तरंगणाऱ्या टोपलीत वैमानिकानेच नेऊन घालायची. क्षेपणास्त्रं वेगळी, चाचणीची उपकरणं वेगळी, सुटे भाग वेगळे, तंत्रज्ञांचं प्रशिक्षणही वेगळं. आपल्याला हे दुखणं चांगलंच ठाऊक आहे. गोव्यात हंसा तळावर नौदलाची मिग-२९के उडतात आणि त्याच नौदलाने एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेलचा करार केला. म्हणून इजिप्तवरचं चांगलं काम इथेही उपयोगी पडेल.

अमिरातीची अडचण उलटी. पैसा आहे, माणसं नाहीत. नागरिकांची संख्या दहा लाखांच्या आसपास. म्हणून २०१४ मध्ये तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली, आणि त्याआधीच राष्ट्रपतींच्या रक्षक दलाची धुरा माइक हिंडमार्श या निवृत्त ऑस्ट्रेलियन सेनाधिकाऱ्याकडे दिली गेली. खरेदीत मात्र सुसूत्रता आहे. ८० एफ-१६ घेताना त्यांच्या विकासाचा खर्च अमिरातीने स्वतः उचलला आणि त्या वेळी अमेरिकेच्या स्वतःच्या एफ-१६ वरही नसलेलं रडार मिळवलं. टँकरही असे घेतले की दांडी आणि टोपली दोन्ही चालतात. जानेवारी २०२१ मध्ये आपली तीन राफेल फ्रान्सहून न थांबता आली, तेव्हा वाटेत त्यांना इंधन पुरवलं ते याच टँकरनी.

या सैन्याची परीक्षाही झाली आहे. २०१५ मध्ये येमेनमध्ये हुती बंडखोरांकडून एडन शहर परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्याच सप्टेंबरात मारिबला एका क्षेपणास्त्राने सुमारे ५० अमिराती सैनिक मारले. १७ जानेवारी २०२२ ला हुतींचा हल्ला थेट अबू धाबीवर आला. थाड या अमेरिकी बनावटीच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने प्रत्यक्ष लढाईत पहिल्यांदा क्षेपणास्त्र पाडलं ते त्याच दिवशी, आणि मुसफ्फाच्या तेल डेपोत तीन कामगार ठार झाले तेही त्याच दिवशी. दोन भारतीय, एक पाकिस्तानी. ‘यंत्रणा यशस्वी’ एवढंच लिहून या तिघांना तळटिपेत ढकलू नका. तयारी मोजायची तर ती या तिघांनाही धरूनच मोजावी लागेल.

अभ्यासाच्या साधनांचं म्हणाल तर दोन्ही देश हातचं राखून बोलतात. सिनाई द्वीपकल्पातल्या दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेच्या काळात इजिप्तने स्वतंत्र पत्रकारांना तिथे फिरकू दिलं नाही. मात्र अमेरिकी मदतीमुळे अमेरिकेच्या संसदेसाठी, म्हणजे काँग्रेससाठी, तयार झालेले अहवाल उघड मिळतात. अमिरातीच्या येमेन मोहिमेवरही वाचायला बरंच आहे.

शस्त्रं कुणाकडून घ्यावीत हा तुमचा प्रश्न असेल तर इजिप्त घ्या, पण पीएच.डी.साठी आणि अरबी शिकायची तयारी ठेवून. घेतलेली शस्त्रं ऐन वेळी चालतात का, हे वर्षभरात तपासायचं असेल तर मी अमिरातीच सुचवेन. आधी १७ जानेवारीचा दिवस तासागणिक लिहून काढा, मग मार्गदर्शकांना भेटा.